शुक्रवारचं रोमन साम्राज्य

आमच्या आत्याचं रोमन लोकांबद्दल पहिल्यापासून वाईट मत होतं, आणि त्याला कारण होतं त्यांची नाकं. शब्बीरचाचांच्या घरी आलेलं ते जाडजूड इंग्रजी पुस्तक तिनं मांडीवर घेतलं आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नुसती चित्रं बघत चाळलं. संगमरवरी राजे, संगमरवरी सेनापती, त्यांच्या संगमरवरी बायका, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या नाकाचा तुकडा उडालेला. पुस्तक मिटून तिनं बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "एवढ्या मोठ्या खानदानात एकाचं पन नाक शाबूत न्हाय. सगल्यांची कापलेली. मग राज्य बुडंल न्हाय तर काय व्हईल?" रोमच्या पतनाबद्दल पुढं आयुष्यभर मी बरंच काही वाचलं. जमेल तिथं सिनेमेही पाहिले. पण इतक्या थोडक्यात आणि इतक्या ठामपणे ते कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही.

आम्ही तेव्हा भिवंडीत शब्बीरचाचांच्या यंत्रमागाच्या कारखान्याला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहायचो. बाबा त्यांच्याकडे जॉबर होते, म्हणजे लूम बिघडला की तो उघडून पुन्हा चालता करणारे. मूळचे आम्ही अंजूरचे. शेतावर भागेना म्हणून बाबा शहरात आले, त्यांच्यामागे आई, ताई आणि मी, आणि आमच्यामागे वर्षभरानं दोन कोंबड्या घेऊन आत्या. लूमचा आवाज आमच्या भिंतीतूनच यायचा. खट्याक-खट्याक-खट्याक, सकाळपासून. हंड्यातल्या पाण्यावर सतत बारीक लाटा असायच्या आणि फळीवरचे डबे हळूहळू पुढं सरकायचे. दर दोन दिवसांनी आई ते मागं ढकलायची, भाकरी थापताथापता, न बघता. कारखाना बंद असायचा तो फक्त शुक्रवारी. आत्या नवीन आली तेव्हा पहिल्या शुक्रवारी तिला वाटलं आपले कान गेले. ती अंथरुणात उठून बसली आणि आईला म्हणाली, "वयनी, माझं संपलं सगलं." आई म्हणाली, "सुट्टी हाय आज." हे दोघी इतक्या मोठ्यानं बोलल्या की पलीकडची खोली जागी झाली. आमच्या सगळ्या वस्तीचा आवाज तसाच होता. आम्ही गुपितंसुद्धा ओरडून सांगायचो. आजही माझी नात फोन कानापासून हातभर लांब धरते आणि म्हणते, आजी, मी ठाण्यातच आहे, एवढं ओरडायची गरज नाही.

शब्बीरचाचांचे भाऊ आखातात नोकरीला होते. त्यांनी घरी व्हीसीआर पाठवला आणि सोबत एक खोकं भरून कॅसेटी. ते ज्या साहेबाकडे काम करत तो मायदेशी परतताना कॅसेटी आणि ते नाकांचं पुस्तक सोडून गेला होता. भावाला वाटलं कॅसेट म्हणजे कॅसेट. खोकं उघडल्यावर कळलं की नऊच्या नऊ सिनेमे इंग्रजी आहेत आणि नऊच्या नऊ रोमन लोकांचे आहेत. चाचा मालक माणूस, कोकणातून आलेल्या जुन्या व्यापारी घरातले. आलेला माल पडून राहिलेला त्यांना खपत नसे. त्यांनी ठरवलं की दर शुक्रवारी नमाज आणि जेवण उरकलं की बैठकीत सतरंज्या टाकायच्या आणि ज्याला यायचं त्यानं यावं. कारीगर आले, त्यांची बिऱ्हाडं आली, आम्ही गेलो. चाचींनी सांदण केलं होतं, तांदळाचं, वाफवलेलं, नारळाच्या दुधासोबत. पडद्यावर लोखंडी छातीचा एक माणूस पांढरी वस्त्रं गुंडाळलेल्या म्हाताऱ्यांसमोर उभा राहून बोलायला लागला, आणि बोलतच राहिला. कुणाला काही कळेना. तेव्हा बाबा उठले आणि म्हणाले, "आमच्या कुंदाला इंग्लिश येतं."

मी आठवीत होते, नगरपालिकेच्या मराठी शाळेत. संमेलनात मी एक इंग्रजी कविता न अडखळता म्हणून दाखवली होती, एवढंच माझं इंग्रजी. त्या कवितेचा अर्थ मला आजही नक्की माहीत नाही. पण बाबा शर्टाचं वरचं बटण लावून उभे होते आणि सगळी बैठक माझ्याकडे बघत होती. मी टीव्हीशेजारी जाऊन बसले. त्या माणसाच्या बोलण्यात मला एकच शब्द ओळखीचा लागला होता, मदर. मी घसा खाकरला आणि म्हणाले, "तो म्हणतोय, अम्माला विचारल्याशिवाय मी वाटणीच्या कागदावर सही करणार नाही." बैठकीतून पसंतीची एक लहर गेली. चाचा म्हणाले, "शरीफ लडका आहे." आणि रोमचं साम्राज्य त्या क्षणापासून दोन भावांच्या जमिनीचं भांडण झालं.

थोरला, धाकटा, त्यांचे टकले काका आणि अम्मा, अशी चार माणसं मी पक्की धरली आणि आठ सिनेमांत ती पुरवली. प्रत्येक सिनेमात नट वेगळे, पण लोकांना एकच गोष्ट पुढं हवी होती. मग थोरला परदेशी जाऊन आल्यामुळे रंगानं उजळला, काकांना औषधानं केस आले. तिसऱ्या शुक्रवारी मेलेला माणूस पाचव्या शुक्रवारी घोड्यावर बसून आला तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "ये तो मर गया था ना?" मी क्षणभरही न थांबता म्हणाले, "जुळा भाऊ." मला स्वतःचाच अचंबा वाटायला लागला होता. अडचण एकच होती. अम्मा पडद्यावर कधी आलीच नाही, येणार कुठून, ती माझ्या एका शब्दातून निघाली होती. म्हणून मी तिला आतल्या खोलीत आजारी ठेवली. लढाईला निघताना थोरला काही पुटपुटला की मी सांगायची, "अम्माला काढा वेळेवर द्या म्हणतोय." रणधुमाळीत तो ओरडला की, "माझा डबा कुणी खाल्ला?" कारण मलाही त्या वेळी भूक लागलेली असायची.

रोमन लोक हळूहळू आमच्या वस्तीत मिसळले. बाबा आणि कारीगर त्या म्हाताऱ्यांच्या पांढऱ्या वस्त्रांवरून तासन्‌तास वाद घालत. एवढं गुंडाळायचं तर पन्हा किती असेल, काठ कसला आहे, हे एका लूमवर निघेल की मध्ये जोड असेल. लूमवर आवाजात बोलणं शक्य नसायचं, त्यामुळे बाबांनी "झाला का चालू?" असं खुणेनं विचारलं की कारीगर सिनेमातल्या राजासारखा अंगठा खाली करून दाखवायचे. चाचांनी एका शुक्रवारी रोमन लोकांसारखं आडवं पडून जेवून बघितलं. बोयट माशाचा काटा घशात अडकला, तीन जणांनी पाठीवर बुक्के मारले, चाचींनी कोरडा भात गिळायला लावला. काटा गेल्यावर चाचा म्हणाले, "बुडाले ते याच्यामुळेच बुडाले." आत्याचा आक्षेप त्यांच्या सार्वजनिक अंघोळीवर होता. "दिसभर पान्यात बसून गप्पा. कामधंदा न्हाय काय यांना?" पण ती दर शुक्रवारी सगळ्यांत पुढं बसायची. चाची मात्र अम्मासाठी हळहळायच्या. मला बघितलं की विचारायच्या, "बेटा, अम्माची तबियत कशी आहे?" मी सांगायची, थोडा उतार आहे.

शेवटची कॅसेट उरली होती आणि वस्तीला तिचे वेध लागले होते, कारण मी आधीच जाहीर केलं होतं की आता निकाल लागणार. नेमकं त्याच शुक्रवारी ताईला बघायला पाहुणे येणार असं ठरलं. मुलगा खारबावचा, दिनेश नाव, कॉलेजात प्राध्यापक. आधी दोन ठिकाणी ताईचं जमताजमता राहिलं होतं. एकांना ती बारावीपर्यंत शिकली हे जास्त वाटलं होतं आणि दुसऱ्यांना कमी. त्यामुळे आई चार दिवस मुकाट्यानं रव्याचे लाडू वळत होती. पाहुणे आले, मुलगा आणि त्याचे आईवडील. चहा झाला, ताईनं मान खाली घालून नाव सांगितलं, आणि तेवढ्यात चाचा दारात आले. पाहुण्यांना आग्रह केल्याशिवाय त्यांना राहवतच नसे. "आज फिल्म आहे, सगळे चला," म्हणाले. पाहुण्यांना काही कळेना असं होऊ नये म्हणून त्यांनी आमच्याच खोलीत बसून आठही सिनेमांची गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली. वाटणी, काढा, जुळा भाऊ, डबा. अर्ध्या तासात सांगायचं काही राहिलं नाही. दिनेशच्या हातातला लाडू तोंडाजवळ जाऊन तिथंच थांबला होता.

"तुम्ही शिकवता काय?" बाबांनी अदबीनं विचारलं.

"इतिहास," तो म्हणाला. "प्राचीन युरोप. रोमच जास्त करून."

बाबांना फार आनंद झाला. "मग आमच्या कुंदाचं ऐकाच," ते म्हणाले. मी घसा दुखतो म्हणून बघितलं. आत्यानं लगेच हळद आणि गूळ माझ्या तोंडात कोंबला आणि मला दंडाला धरून टीव्हीशेजारी नेऊन बसवलं.

सिनेमा सुरू झाला. दिनेश पुढच्याच सतरंजीवर, मांडी घालून, चष्मा सरळ करून. मी ठरवलं की आज खोटं बोलायचं नाही, जेवढं खरंच कळेल तेवढंच सांगायचं. पडद्यावर एक राजा पाच मिनिटं बोलला. "तो म्हणतो, नाही," मी म्हणाले. मग एक बाई बोलली. "ती म्हणते, हो." मग सेनापती खूप वेळ तावातावानं बोलला. मी जीव मुठीत धरून ऐकलं. "तो म्हणतो, घोडा."

बैठकीत चुळबुळ सुरू झाली. "काय झालं हिला आज?" आत्या म्हणाली. "एवढा येल बोलला तो आनि नुसता घोडा?" चाची काळजीनं पुढं झुकल्या. "बेटा, अम्मा कुठंय? अम्माबद्दल काय बोलला?" चाचांनी सिनेमा थांबवला आणि दिनेशकडे वळून म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, पोरीचा घसा बसलाय. तुम्हीच सांगा. अम्माचं काय झालं?"

दिनेशनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आज इतक्या वर्षांनी मी शपथेवर सांगते की त्याच्या मनात दुष्टपणाचा लवलेशही नव्हता. त्याला कुणी प्रश्न विचारला की बरोबर उत्तर द्यायची सवय होती, एवढंच. "या सिनेमात अम्मा नाही," तो म्हणाला. "आधीच्याही कुठल्या सिनेमात नसणार. ते भाऊ नाहीत, वाटणी नाही. या नऊ वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि मधे शेकडो वर्षांचं अंतर आहे. मुलीनं हे सगळं मनानं रचलंय."

मग चाची हळू आवाजात म्हणाल्या, आणि आमच्या वस्तीत मी ऐकलेला तो पहिला हळू आवाज, "म्हणजे अम्मा नव्हतीच? मी दोन महिने दुआ मागतेय तिच्यासाठी."

मी रडायला लागले. दिनेश गोंधळून माझ्याकडे, मग चाचींकडे बघायला लागला. ताई बघायच्या मुलीनं बसावं तशी भिंतीशी बसली होती. ती उठली आणि त्याच्या समोर येऊन म्हणाली, "तुम्ही खरं बोललात. पण सिनेमा संपेपर्यंत थांबला असतात तर तुमच्या इतिहासाचं काही बिघडलं नसतं." लूमशेजारी वाढलेला आवाज तिचा, तो कारखान्याच्या फाटकापर्यंत गेला. पाहुण्याची आई उठली. लग्नाचं बोलणं कुणी काढलंच नाही. आम्ही घरी आलो तेव्हा आईनं उरलेले लाडू डब्यात भरले आणि झाकण नेहमीपेक्षा जोरात बसवलं.

मी बाहेर पायरीवर बसले होते. बाबा येऊन शेजारी टेकले. वरचं बटण त्यांनी काढलं होतं. मला वाटलं आता रागावतील, पण ते समोरच्या बंद शटरकडे बघत होते.

"मला म्हाईत होतं," ते म्हणाले.

"काय?"

"तू बनवून सांगतेस ते. दुसऱ्याच शुक्रवारी कळलं. आम्ही दिवसभर लूमवर ओठ बघून बोलतो, कुंदा. त्या गोऱ्याचे ओठ कधीच मिटले होते आणि तू अजून बोलतच होतीस. लूम बंद पडल्यावर कापड निघतं काय?"

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"सगल्या कारीगरांना म्हाईत होतं. कुणीच बोललं न्हाय. पुढं काय होतं ते बघायचं होतं ना."

त्या आठवड्यात मी चाचींच्या समोर गेले नाही. ताईचं लग्न मी मोडलं असं मला कुणी म्हणालं नाही, पण आत्या माझ्या ताटात सुकट वाढताना सुस्कारा टाकायची, आणि तो सुस्कारा मला पुरायचा. ताई मात्र अधूनमधून उगाच चिडायची. परवा कसला घाईचा माणूस होता तो, म्हणायची. आपण विचारलेलं नसताना.

पुढच्या शुक्रवारी जेवणं झाली आणि दिनेश आला. एकटाच, एसटीनं, हातात फुलस्केप कागदांची घडी. तो आमच्याकडे नाही, थेट चाचांकडे गेला. आम्हाला बोलावणं आलं म्हणून आम्ही सगळे गेलो, मी आत्याच्या मागं लपून. तो चाचींसमोर उभा होता. "अम्मा नव्हती हे मी तसं सांगायला नको होतं," तो म्हणाला. चाची हसल्या. "नाही बेटा, बरं झालं कळलं. माझी दुआ कुणा ना कुणाच्या अम्माला लागली असेल. बस."

मग त्यानं कागद उघडले. माफी मागून झाल्यावर मुद्द्यावर यायचं हा त्याचा स्वभाव आजही तसाच आहे. चाचांनी सांगितलेल्या गोष्टीत इतिहासाच्या एकेचाळीस चुका होत्या आणि त्यानं त्या आठवून क्रमानं लिहून आणल्या होत्या. मुलीचं नुकसान होऊ नये म्हणून, असं म्हणाला. "एक. रोमन सैनिक वाटणीच्या कागदावर सही करत नसत." "नऊ. टक्कल घालवायचं औषध तेव्हा नव्हतं." "आता तरी कुठंय?" चाचा डोक्यावरून हात फिरवत म्हणाले आणि पहिला हशा झाला. "सतरा. ऐन लढाईत सेनापती 'माझा डबा कुणी खाल्ला' असं विचारत नाही." "भूक लगेगी तो पूछेगा," एक कारीगर मागून म्हणाला. दिनेशनं त्यावर खरंच विचार केला आणि रोमन सैन्याच्या शिध्याबद्दल माहिती दिली. गहू दळायचं जातं ते बरोबर बाळगत, हे ऐकून आत्यानं पहिल्यांदाच रोमन लोकांबद्दल मान हलवली. नऊ सिनेमांत कधी झाला नव्हता इतका गोंधळ त्या एकेचाळीस मुद्द्यांवर झाला. मी लपायचं विसरून पुढं येऊन भांडत होते.

यादी संपल्यावर ताईनं विचारलं, "हे लिहिताना तुम्हाला एकदा तरी हसू आलं का?"

त्यानं कागदाकडे पाहिलं. खोटं बोलणं त्याला जमत नव्हतं. "सतराव्याला," तो म्हणाला. "आत्ता एसटीतही आलं. बाजूच्या माणसानं जागा बदलली." ताईनं पदर तोंडाला लावला, पण खांदे हलायचे ते हललेच.

अर्धवट राहिलेली कॅसेट चाचांनी लावली. या वेळी दिनेश सांगत होता, नीट, शब्दाला शब्द. आणि पडद्यावर कुणी नुसतंच आकाशाकडे बघत उभं राहिलं की तो माझ्याकडे बघायचा आणि मी सांगायची की तो मनात काय म्हणतोय. दोघांचं बरं जमलं. शहर जळालं, राजवाडा पडला. शेवटी एक म्हातारा शिपाई, भाला टाकून, एक शेळी दोरीला धरून धुळीच्या रस्त्यानं निघून गेला आणि पडद्यावर नावं यायला लागली.

आत्या त्या नावांकडे बघत होती. "आता ही मान्सं कुटं जातील?" तिनं विचारलं.

"कुठं नाही," दिनेश म्हणाला. "तिथंच राहिली. शेती केली, मासे धरले, पोरंबाळं वाढवली. फक्त पुढं त्यांना कुणी रोमन म्हणेना."

"घरं?"

"होती तीच. बरीचशी."

"मंग बुडालं ते काय?"

एकेचाळीस मुद्दे घडाघडा वाचलेला माणूस तो. कागदाची मागची कोरी बाजू वर करून त्यानं खिशातलं पेन काढलं, काहीतरी लिहिलं, खोडलं. चाचींनी त्याच्यापुढं ठेवलेल्या चहावर जाड साय धरली. लोक उठून गेले, सतरंज्या गोळा झाल्या, तो आपला तसाच बसून राहिला. पुढं तो माझा भाऊजी झाला, कॉलेजातून निवृत्त झाला, त्या प्रश्नावर त्यानं एक वही भरली आणि ती अजून कुणाला वाचायला देत नाही.

आत्या त्याच्याकडे बघत होती. आठवडाभर ती त्याला 'तो खारबावचा' म्हणत आली होती. त्याचे आईवडील तिथं नव्हते, देण्याघेण्याचं बोलणं झालं नव्हतं, ताईला कुणी विचारलं नव्हतं. आत्यानं गुडघ्यावर हात ठेवून स्वतःला उचललं आणि ताईला म्हणाली, "जावयाचा चाय निवला. दुसरा टाक."

ताई पुढं झाली आणि तिनं कप उचलला. त्यानं 'राहू द्या' म्हटलं नाही.